परत देऊन पाहिलेलं सभासदत्व

रोज सकाळी त्या संकेतस्थळावरून माझ्या मोबाइलवर एक सिंह यायचा. कधी डोंगरावर उभा, कधी नदी ओलांडताना, आणि खाली यशाबद्दल दोन ओळी. मला सिंहाचं वावडं नाही. पण सकाळी सकाळी लाइट गेलेली, काज-बटणाचं मशीन रुसलेलं, शिलाईची एक बाई आजारी, अशा वेळी सिंह काय कामाचा? उद्योजकांसाठीचं संकेतस्थळ म्हणून चांगले पैसे भरून सभासद झाले, आणि पदरात पडला सिंह. माझं डोकं तापायचं.

आमचा शाळेच्या गणवेशांचा छोटा कारखाना आहे. सोलापुरात अशा कारखान्यांना तोटा नाही. नवऱ्याने तो उभा केला, पुढे धंदा मंदावला तसा तो पुण्याला कपड्यांच्या एका कंपनीत नोकरीला गेला. मागे राहिलो मी, सासूबाई आणि शिलाईच्या बायका. दर रविवारी नवऱ्याचा फोन यायचा, "हंगाम संपला की मशिनी विकून टाकू. तुम्ही दोघी इकडे या." त्यात वावगं काहीच नव्हतं. बिचारा एकटा राहून डब्याचं खात होता. पण मशिनी विकायच्या म्हटलं की मी विषय बदलायचे. नात्यातल्या कुणाशी बोलावं तर तो आधी संसाराचं बघणार. मला धंद्यातली, परकी माणसं हवी होती. त्यासाठीच मी ते पैसे भरले होते.

त्या संकेतस्थळावर एक पद्धत होती. दर शनिवारी संध्याकाळी एक सभासद सगळ्यांसमोर आपला धंदा मांडायचा आणि बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारायचे. उपदेश करायचा नाही, नुसते प्रश्न. माझी पाळी लागली होती. नेमकं त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, नवऱ्याने शोधलेला एक माणूस मशिनी बघायला येणार होता. म्हणजे मशिनी विकायच्या की ठेवायच्या ते मला शनिवारीच कळायला हवं होतं.

पण ओळख ना पाळख अशा लोकांपुढे आपलं सगळं उघडं करायचं, तर आधी त्यांची पारख नको का? मी बारकाईने बघायला बसले. तिथले व्हिडिओ झकपक होते आणि बरेचसे पोकळ. ज्यांची भरभराट झाली त्यांच्या मुलाखती ऐकल्या, तर सगळे एकाच मास्तरांकडे शिकल्यासारखे बोलत होते. मी नाक मुरडत पुढे गेले. मग सभासदांच्या आपसातल्या गप्पा वाचल्या. माळशिरसच्या एका लोणचंवाल्याने लिहिलं होतं की बाटल्यांची झाकणं गळली, सगळा माल परत आला, आता तोंड दाखवायची लाज वाटते. त्यावर कुणी सिंह पाठवला नव्हता. एकीने झाकणाच्या आत कसलं अस्तर हवं ते सांगितलं होतं. दुसऱ्याने लिहिलं होतं, गिऱ्हाइकांना तुम्ही स्वतः फोन करा, माणूस लावू नका. ते वाचून मला बरं वाटलं. तरी मन कधी इकडे, कधी तिकडे.

"काय बघालीस एवढं?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना मी आत्या म्हणते. त्यांचं माहेर वळसंगचं. मी त्यांना सगळं समजावलं, शनिवारचा नियमसुद्धा.

"मग परत देऊन बघ की," त्या म्हणाल्या.

त्यांच्या माहेरची ही जुनी रीत. घरात लग्न ठरलं की बस्ता बांधायच्या आधी दोघी-तिघी बायका गावाहून सोलापूरला नवी पेठेत यायच्या आणि एका दुकानातून एखादा खण घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी तोच खण घेऊन परत दुकानात. रंग पसंत नाही म्हणायचं आणि दुकानदाराच्या तोंडाकडे बघत राहायचं. ज्याने कपाळाला आठी न घालता खण ठेवून घेतला, त्याच्याकडे सगळ्या लग्नाचं कापड. आठी दिसली की पायरी उतरायची. "गोड बोलून इकणारे लई असतात. परत घेताना कळतंय की," असं आत्यांचं म्हणणं.

मी हसले, पण मला ते पटलं. लगेच कळवून टाकलं, सभासदत्व नको आहे. माझी खात्री होती की आता फोनवर फोन येतील, सवलत दाखवतील, डोंगरावरचा सिंह खाली उतरून माझी मनधरणी करेल. तसलं काहीच झालं नाही. थोड्याच वेळात ते संकेतस्थळ चालवणाऱ्या बाईंचं उत्तर आलं. हरकत नाही, पैसे परत केले आहेत, काही खटकलं असेल तर मोकळेपणाने सांगा, आम्हाला उपयोग होईल. पैसे खरोखरच आले होते.

"यव्वा! दुकान चोख हाय," आत्यांनी मांडीवर थाप मारली. "जा आता, बांध बस्ता."

मी बस्ता बांधायला गेले तर दार बंद. एका तुकडीत ठरावीकच माणसं घ्यायची आणि जागा झाली की वाट बघणाऱ्याला लगेच आत घ्यायचं, असा तिथला कारभार होता. माझी जागा गेली, जागेबरोबर शनिवारची पाळीही गेली. संकेतस्थळ चांगलं आहे हे सिद्ध झालं आणि मी बाहेर!

आत्यांना हे काही केल्या पटेना. परत देणाऱ्याला पुढे दुकानच बंद, असं त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं. त्यांनी मला त्या बाईंना फोन लावायला लावला आणि स्वतः बोलल्या.

"सोलापुरातनं बोलतीया. तुमचा माल चांगला हाय. आमी नुसतं बघायला परत दिलं हुतं. माझ्या सुनंला आत घ्या की."

पलीकडच्या बाई मनापासून हसल्या. मग म्हणाल्या, "मावशी, जास्त माणसं घेतली तर कुणाचंच नीट ऐकून होत नाही. दिवाळीनंतर पुढची तुकडी आहे, तेव्हा यांना आधी घेईन."

"बरुबर हाय तुमचं," आत्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन मला दिला. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू? त्या दिवशी मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांनीही मी न मागताच चहा पुढ्यात आणून ठेवला आणि निघून गेल्या.

शनिवारी संध्याकाळी शिलाईच्या बायका घरी गेल्यावर मी कारखान्यात आवरत होते. आत्या आल्या, स्टूल ओढून कटिंगच्या टेबलासमोर बसल्या.

"मांड," म्हणाल्या. "त्यांच्यापुढं काय मांडणार हुतीस?"

"आत्या, तुम्ही घरच्या."

"मी नुसतं इचारनार. उपदेश न्हाय करायचा, म्हणली हुतीस की."

त्यांच्या तोंडाकडे बघून मला नाही म्हणवेना. मी आधी चिडून, मग भरभर बोलत गेले. आमच्या गणवेशात मी शिवणीच्या आत इतरांपेक्षा जास्त कापड सोडते, म्हणजे पोर वाढलं की उसवून मोठं करता येतं. ते सांगताना आत्यांनी हात वर केला.

"हे कुणी सुचवलं?"

"मीच."

"दुकानदार काय म्हणतात?"

"कुरकुरतात. पोरगं दोन वर्षं तोच घालतं, मग नवा कोण घेणार, म्हणतात."

"आन् पोरांच्या आया?"

"त्या दुकानात आमचाच मागतात."

"मग मशिनी इकायचं कुणी ठरवलं?"

"ह्यांनी."

"तुला इचारलं हुतं?"

मी समोरच्या कापडाची घडी घालायला लागले. आत्यांनी टेबलावरचा खडू उचलला, परत ठेवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तुला कारखाना हवा हाय का?"

एवढा साधा प्रश्न, पण लग्न होऊन या घरात आल्यापासून तो मला कुणी केला नव्हता. "हवाय," मी म्हणाले, जरा मोठ्यानेच.

त्या नियमाला पक्क्या निघाल्या, उपदेशाचा एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्याच फोनवरून लेकाला फोन लावायला सांगितला आणि म्हणाल्या, "उद्याच्या मान्साला येऊ नको म्हन."

तिकडून त्याने विचारलं असावं, कोण म्हणतंय.

"कारखान्याची मालकीन म्हन्तीया," असं म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

मी अडखळत सगळं सांगितलं. मला हा कारखाना चालवायचाय, पुण्याला यायचं नाही, निदान आत्ता नाही. भांडणाची तयारी ठेवूनच बोलत होते. नवरा हळू आवाजात म्हणाला, "मला वाटत होतं, तू हा गाडा माझ्यासाठी ओढतेयस."