शेतातल्या टेपवरची इंग्रजी गाणी

आमच्या वयाची माणसं जुनी गाणी ऐकताना डोळे मिटतात. यंदाच्या दिवाळीत मीही मिटले, आणि उघडले ते चडफडतच.

ऐंशीच्या दशकात यवतमाळात कॉलेजला असताना माझा एक जिवाचा दोस्त होता. त्यांची शेती कळंबकडे. मुंबईच्या मामेभावाने त्याला दोन कॅसेट भरून दिल्या होत्या. इंग्लंडातले न्यू वेव्हवाले बँड आहेत, एवढंच सांगितलं होतं. कॅसेटवर ना बँडचं नाव, ना गाण्यांची. आमच्या घरी बाबा कचेरीतून आले की रेडिओच्या बातम्यांखेरीज काही चालत नसे, म्हणून आम्ही त्याचा टेप घेऊन शेतात जायचो. तिथे वीज नव्हती. सेल संपत आले की झोपडीच्या टिनाच्या छपरावर उन्हात ठेवायचे, चांगले तापले की पुन्हा टाकायचे. त्यावर अजून एक बाजू ओढूनताणून वाजायची.

त्यातला एक गायक असा जड, थकल्या आवाजात गायचा, की वाटायचं, हा गडी नापास झालाय आणि घरच्यांनी याच्याशी बोलणं टाकलंय. शब्द निम्मेच कळायचे. तरी पराटीच्या धुऱ्यावर, म्हणजे कपाशीच्या बांधावर, बसून आम्ही त्याच्यासाठी हळहळायचो. सगळं कॉलेज हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर नाचायचं आणि आम्ही दोघं स्वतःला वेगळे समजायचो. खरं सांगायचं तर माझ्याजवळ मिरवायला दुसरं काही नव्हतंच.

पुढे तो इंजिनीअर व्हायला पुण्याला गेला आणि तिकडचाच झाला. मी बाबांसारखाच कचेरीत चिकटलो. कॅसेट टेपने खाल्ल्या. गाणी तेवढी डोक्यात राहिली. दर दिवाळीला तो गावी आला की मी गुणगुणायचो आणि तो मांडीवर ताल धरायचा. मग मी विचारायचो, "नाव भेटलं काय बे त्या बँडचं?" तो म्हणायचा, "नाही ना बे." ठरलेलंच होतं ते. त्याची बायको म्हणायची, यांचं झालं सुरू. माझी दिवाळी मात्र तेव्हा कुठे सुरू व्हायची. वर्षभर कचेरीत हे बोलायला होतं कोण?

यंदा त्याने सोबत छोटा स्पीकर आणला. फराळ चालू असतानाच म्हणाला, "ऐक." पहिले सूर ओळखीचे, अंगावर काटा आला. मी डोळे मिटले. आणि गायक गायला लागला तो एकदम पातळ, तरण्याताठ्या आवाजात, झपाझप. मागे ढोल असा उड्या मारत होता, की ते चक्क नाचायचं गाणं निघालं.

"हे कोणीतरी बिघडवलं," मी म्हणालो. "पळून राह्यलं बे गाणं."

तो हसता हसता चिवडा सांडून बसला. "अबे, गाणं बरोबर आहे. आपले सेल मेले होते, टेपच हळू फिरायचा."

आमच्या दोघांच्या बायका हसल्या, मीही हसलो. गंमतच होती ती. ज्याच्या दुःखात आम्ही एवढे बुडालो, तो बिचारा मजेत होता. इथवर माझी काही तक्रार नाही.

मग तो सहज बायकोकडे वळून म्हणाला, "मले तं पुण्याच्या होस्टेललाच समजलं होतं. बाजूच्या खोलीत हीच कॅसेट वाजून राह्यलती. नावगाव सगळं छापलं होतं वर."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"तू येवढा जीव लावून गायचा. कायले तुहा मूड खराब करू, म्हटलं."

हे तो प्रेमाने बोलला, त्याचाच जास्त राग आला. भातुकलीतला खोटा चहा आपण फुर्र करून पितो, तशी त्याने इतकी वर्षं माझी गाणी ऐकली.

त्याने तेव्हाच सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. कडाडून भांडलो असतो, अबोला धरला असता, आणि मग त्याच्याकडूनच गाणं नव्याने शिकलो असतो. पुण्यात तो मित्रांशी तावातावाने वाद घालतो, असं त्याची बायको कौतुकाने सांगते. माझ्याशी वाद घालणं त्याने होस्टेलात असतानाच सोडून दिलं होतं. आणि त्यालाच मैत्री समजून मी दर दिवाळीला त्याची वाट पाहत राहिलो.