मावशी म्हटलं की वळायचं नाही

वॉर्डात तिला सगळे मावशी म्हणायचे. तिच्या आईच्या वयाची म्हातारीसुद्धा "मावशी, भांडं द्या हो" म्हणायची आणि ही "आले, आले!" करत पळायची. दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या, पेशंटचं हवं-नको बघणाऱ्या बाईला हेच नाव. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

वाटलं ते तिच्या सासूला. सासू म्हणजे खमकं प्रकरण! "दहावीला चांगले मार्क होते ना तुला? मग शीक पुढे. पोरांचं मी बघते," म्हणाली आणि खरंच बघितलं. सूनबाई बारावी झाली, नर्सिंगचा कोर्स झाला आणि त्याच वॉर्डात पांढऱ्या कपड्यांत सिस्टर म्हणून रुजू झाली.

पण कपडे बदलले म्हणून कान थोडेच बदलतात! पहिल्याच आठवड्यात ती इंजेक्शन भरत होती. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "मावशी!" झालं. ही सगळं तसंच टाकून धावली. परत येते तो मोठ्या सिस्टर कंबरेवर हात ठेवून उभ्या.

"उघडी सुई टाकून गेलात? पुन्हा असं झालं तर इंजेक्शनं बंद. चादरी मोजत बसवीन."

घरी येऊन ती ढसाढसा रडली. "आई, मला नाही जमायचं. मी मावशीच आहे हो."

"न जमायला काय धाड भरलीय?" सासू म्हणाली, आणि घरात नुसता उच्छाद सुरू झाला. "सिस्टर, दूध उतू चाललंय!" "सिस्टर, दार लावा!" मधेच मुद्दाम "मावशी!" म्हणायची आणि ही वळली की नातवंडांसकट टाळ्या पिटून हसायची. शेजारणींना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं.

मग एका दुपारी ती एका आजोबांना सलाइन लावत होती. शीर काही केल्या सापडेना. मागून हाक आली, "मावशी!" तिचा हात हलला नाही. सुई बरोबर गेली, तिने पट्टी चिकटवली आणि मगच तिला ती हाक आठवली. कुणीतरी ओल्यात पडलं असेल आणि आपण बहिरे झालो! ती लगबगीने तिकडे गेली. तिच्या जागी आलेल्या नव्या मावशीने चादर बदललीसुद्धा होती.

"चुकलं गं, लक्षच गेलं नाही माझं."

"बरंच झालं की! तू सारखी मधे धावायचीस, मला वाटायचं माझं काम तुला पसंत नाही. हाक मला होती, सिस्टर."

संध्याकाळी तिने घरात पाऊल टाकताच सगळं सांगितलं आणि सासूच्या गळ्यातच पडली. "आई, तुम्ही नसता तर मी कुठे असते? तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले डोंबलाचे! सुटले बाई एकदाची, घसा बसला माझा ओरडून." मग सासूने पदराने उगाच नाक पुसलं. "मलाही व्हायचं होतं गं सिस्टर. शाळेतून काढलं मला. एवढे दिवस तो शब्द घरात मोठ्याने म्हणायला मिळाला, तेवढंच."

 सुनेने सासूचा हात घट्ट धरला.

"मग थांबता कशाला, आई? ओरडा ना."