निनवेऐवजी पादरा

बडोदे जवळ आल्यावर लोक खिडकीला नाक लावून बसतात. मी तोंडावर पदर घेऊन झोपेचं सोंग करत होते आणि गाडीला आणखी उशीर व्हावा म्हणून देवाला साकडं घालत होते. सुरतेपर्यंत ती छान रखडली होती, पुढे मात्र मेलीने सगळा वेळ भरून काढला.

मी चिपळूणच्या शाळेतून निवृत्त झालेली इतिहासाची शिक्षिका, आणि प्राचीन इस्राएलचे संदेष्टे हे माझं वेड. संदेष्टे म्हणजे भविष्य सांगणारे ज्योतिषी नव्हेत, हे मी जन्मभर लोकांना पटवत आले आहे. इस्राएलच्या धर्मग्रंथात राजे येतात-जातात, पण प्रत्येक राजाच्या दारात ‘तू चुकतोयस’ म्हणून सांगायला कुणीतरी उभं असतं, ते हे संदेष्टे. बडोद्याच्या एका मराठी मंडळाने याच विषयावर माझं व्याख्यान ठेवलं होतं.

हे कळल्याबरोबर बडोद्यातल्याच हरणीहून वहिनीचा चोरून फोन आला. वहिनी म्हणजे माझ्या मामेभावाची, अण्णाची बायको. अण्णाला काचबिंदू झालाय. समोरचं दिसतं, पण दोन्ही बाजूंचं जवळजवळ गेलंय, आणि गेलेली नजर परत येत नाही असं डॉक्टर म्हणतात. तरी तो रोज स्कूटर काढतो आणि वहिनी मागे बसते. अण्णाचे पणजोबा संस्थानात मोठे अधिकारी होते. हुद्दा गेला, पण आवाज घराण्यात राहिला. त्याला ‘स्कूटर सोड’ म्हणायची कुणाची टाप नव्हती. मुलगासुद्धा फोनवर हवापाण्याचंच बोलायचा. शेवटी सगळ्या नातलगांनी मिळून ठरवलं, की शालूने, म्हणजे मी, सांगायचं. तिचा विषयच तो.

पोहण्यावर व्याख्यान देणारीला विहिरीत ढकलावं, तसं झालं हे.

अण्णा स्टेशनवर न्यायला येणार होता. मी गाडीतूनच त्याला कळवलं, की मंडळाचे लोक येताहेत, आपण संध्याकाळी व्याख्यानालाच भेटू. आले ते मंडळाचे चिटणीस, शिर्केभाई. त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, हे स्वतः शेतीचे पंप विकतात. आडनावापुढे ‘भाई’ लागल्याचं त्यांना काहीच वाटत नाही.

“या, बेन, या. प्रवास बराबर झाला ने? चालो, आधी नास्ता.”

रावपुऱ्यात त्यांनी सेव-उसळ खायला घातली (वाटाण्याची उसळ, वर शेव आणि लालभडक तरी). ‘तरी किती घालू?’ असं विचारल्यावर कोकणातली माणसं तिखटाला भीत नाहीत असं मी सुनावलं, आणि पुढचा बराच वेळ रुमालात तोंड घालून घालवला.

“आता हरणीला सोडतो तुम्हाला,” शिर्केभाई म्हणाले. “मला मग पादऱ्याला जायचंय, पंपाचं काम आहे.”

“मलाही पादरा पाहायचाय,” मी म्हणाले.

“पादऱ्यात पाहायचं काय, बेन?”

“भाजीबाजार.”

त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. पण पाहुण्याला नाही म्हणायची बडोद्यात रीत नाही.

पादरा तसं चांगलं गाव आहे. रस्त्याला दोन्हीकडे हिरवी शेतं, बाजारात पापडीचे, वांग्यांचे ढीग, आणि दुधी तर बाळं निजवावीत तसे ओळीने मांडलेले. मी एका आजोबांना दुधीचा भाव विचारला, मग वांग्यांचा, मग पुन्हा दुधीचा. “लेवुं छे के फरवा आव्यां छो?” (घ्यायचाय की फिरायला आलात?) असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला एकदम योना आठवला.

योना हा संदेष्ट्यांमधला पळपुटा. देवाने त्याला सांगितलं, पूर्वेला निनवेला जा आणि त्या दुष्ट शहराला इशारा दे. हा उठला आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या जहाजात बसला. वर्गात ही गोष्ट सांगताना मी योनाची यथेच्छ टिंगल करायचे. हरणी शहराच्या पूर्वेला आहे, आणि पादरा पश्चिमेला.

योनाच्या जहाजाला वादळाने गाठलं. शिर्केभाईंची मोटार बाजाराबाहेर नुसतीच बंद पडली. मेकॅनिक म्हणाला, संध्याकाळ होईल. माझ्या पापाने बिचाऱ्याची गाडी गेली, असं मला मनापासून वाटलं. खलाशांनी योनाला समुद्रात टाकलं होतं. शिर्केभाई सभ्य गृहस्थ, त्यांनी फक्त फोन केला.

“काळजी नको, बेन. तुमच्या अण्णांना सांगितलं. निघाले पण ते.”

“कशाने?”

“स्कूटरवर. अजून काय?”

हरणीहून पादरा म्हणजे अख्खं बडोदे ओलांडून. तो येईपर्यंतचा वेळ मी कसा काढला ते माझं मला माहीत. दुरून अण्णा दिसला तेव्हा बरं वाटलं, आणि लगेच आठवलं, की आता मला मागे बसायचं होतं.

“भाजी बघायला आलीस म्हणे,” अण्णा म्हणाला. “बस.”

त्याने दिलेलं हेल्मेट वहिनीचं होतं. ते माझ्या डोळ्यांवर घसरायचं. म्हणजे चालवणाऱ्याला बाजूचं दिसत नव्हतं आणि मागे बसलेलीला समोरचं. समुद्रात योनाला एका मोठ्या माशाने गिळलं, आणि त्याच्या पोटात त्याने प्रार्थना केली असं म्हणतात. त्याला निदान अंधार तरी होता. मला डावीकडून येणारी प्रत्येक म्हैस दिसत होती. पहिल्या म्हशीला मी डोळे मिटले. दुसऱ्या वेळी एक रिक्षा अंगावर आली आणि तोंडातून निघून गेलं, “अण्णा, डावीकडे रिक्षा.”

तो निमूटपणे उजवीकडे सरकला. ओरडला नाही. मग मी सांगतच सुटले. उजवीकडे सायकल. डावीकडून ट्रॅक्टर. तो माझ्या आवाजावर स्कूटर वळवत होता, आणि इतकं सराईतपणे, की माझ्या लक्षात आलं, वहिनी रोज हेच करते.

वाटेतल्या अटलादऱ्याच्या अलीकडे एक शाळकरी मुलगी डाव्या कडेने रस्ता ओलांडायला आली. माझं हेल्मेट नेमकं तेव्हाच घसरलं. मी सांगितलं नाही, त्याला दिसलं नाही. ब्रेक लागला तो मुलीच्या किंचाळण्याने. चाक तिच्या दप्तराला घासून थांबलं. ती पळून गेली. अण्णाने स्कूटर कडेला चहाच्या टपरीशी लावली.

मी बरीच तयारी केली होती. दावीद राजाने दुसऱ्याची बायको पळवली, तिच्या नवऱ्याला मरायला पाठवलं, तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याला सरळ दोष दिला नाही. एका गरिबाची एकुलती मेंढी श्रीमंताने बळकावली, अशी गोष्ट सांगून राजाच्याच तोंडून निवाडा काढून घेतला. मीही म्हाताऱ्या गाडीवानाची गोष्ट रचून पाठ केली होती. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

“अण्णा, स्कूटर सोड,” मी म्हणाले.

“बरं,” तो म्हणाला, आणि किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

एवढंच. राजाने असं एका शब्दात ऐकायचं म्हणजे संदेष्ट्याने करायचं काय? शिवाय मला स्कूटर येत नाही. पुढे काय, याचा विचार मी केलाच नव्हता. शेवटी पादऱ्याहून भाजी घेऊन येणारा एक टेम्पो थांबवला. स्कूटर मागे दुध्यांच्या ढिगात आडवी घातली आणि आम्ही दोघं पुढे ड्रायव्हरशेजारी दाटीने बसलो.

“एवढं सोपं होतं तर आधी का नाही सोडलीस?” मी चिडून विचारलं.

“आपण होऊन सोडली असती तर म्हातारा झालो असं झालं असतं. कुणी येऊन सांगितलं तर त्याचा मान ठेवला असं होतं. मी वाट बघत होतो. कुणी बोललंच नाही.”

व्याख्यानाला मी भाजीच्या टेम्पोतून उतरले. मंडळाचे अध्यक्ष हार घेऊन दारात उभे होते. त्यांना हार घालावा की हसावं ते कळेना. व्याख्यान पडलं. तोंडात मारल्यासारखं खरं बोलणारा आमोस, यहुदाच्या राजांना बाबेलच्या बलाढ्य राजापुढे नमायला सांगून चिखलाच्या विहिरीत टाकला गेलेला यिर्मया, सगळे माझ्या तोंडून मिळमिळीत निघाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या बहुधा चहासाठी. वहिनी पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होती. मला वाटलं, सुटकेने.

दुसऱ्या दिवशी हरणीला अण्णाच्या अंगणात दुधीच्या मांडवाखाली मी फुगून बसले होते. निनवेच्या लोकांनी योनाचं ताबडतोब ऐकलं, तेव्हा तोही असाच शहराबाहेर एका वेलाखाली रुसून बसला होता. शहर बुडालं नाही याचा त्याला राग. त्याला आपला वेल सुकल्याचं दुःख होतं, शहरातल्या माणसांचं नव्हतं, आणि देवाने विचारलं, तुला एका वेलाची दया येते, मग मला एवढ्या माणसांची येऊ नये?

वहिनीने लीलो चेवडो आणून ठेवला (बटाट्याचा ओलसर गोडुस चिवडा) आणि माझ्याजवळ बसली.

“चांगलं केलंत, शालूताई. माझा जीव रोज मुठीत असायचा.” मग थोडं थांबून म्हणाली, “लग्न झाल्यापासून संध्याकाळी मागे बसत आलेय मी. घरात ते काही बोलत नाहीत. स्कूटरवर बोलायचे. आता तर मी डावं-उजवं सांगायचे नि ते ऐकायचे. या घरात माझं एवढं कुणी ऐकलं नव्हतं.”

घराण्यातल्या कुणी वहिनीला हे विचारलं नव्हतं, मीही नाही. मला फार वाईट वाटलं, आणि मी चिवडा खात राहिले.

संध्याकाळी दोघं मला स्टेशनवर सोडायला रिक्षाने आली. वहिनी मध्ये बसली. हरणीच्या वळणावरच ती सवयीने म्हणाली, “डावीकडे खड्डा.” अण्णाची गुडघ्यावरची मूठ हँडल धरल्यासारखी अलगद फिरली. रिक्षावाला हसून मागे वळला.

“बा, मने देखाय छे.” (आई, मला दिसतंय.)

वहिनी ओशाळून मागे टेकली. अण्णाची मूठ गुडघ्यावर तशीच राहिली. दोघंही समोर बघत बसली.

निनवेची गोष्ट देवाच्या प्रश्नावर संपते. मग योना काय म्हणाला, असं मुलं दर वर्षी विचारायची आणि मी सांगायचे, ते लिहिलेलं नाही, पुढचा धडा काढा. काहीतरी म्हणाला असेलच की तो. इतकं सगळं झाल्यावर माणूस नुसता बसून कसा राहील?

“उजवीकडून बस येतेय, वहिनी,” मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पदर सावरून पुढे वाकली.

“हो. आणि पुढे गाय आहे बरं का,” ती अण्णाला म्हणाली.

“कुठल्या बाजूला?” अण्णाने विचारलं.