कढईतला शेवटचा घास

आमच्या घरात आज रात्री जेवायला काय, असं कुणी कधी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? भात, तांदळाची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं. कधी आमटी, पावसाळ्यात बांधावरची एखादी भाजी, पण चारातले तीन दिवस पिठलंच. चमचाभर तेल, ठेचलेला लसूण, दोन मिरच्या, पाणी, आणि उकळी आली की वरून हुलग्याचं पीठ. आई एका हातानं पीठ सोडायची, दुसऱ्या हातानं पळी फिरवायची आणि तोंडानं मला बोलायची, तिन्ही एकदमच. भाकऱ्या थापून होईपर्यंत पिठलं तयार. आता शहराकडेला मारुंजीत आमच्या बिल्डिंगमधल्या बाया मोबाईलवर झटपट स्वयंपाक शोधत बसतात, तेव्हा मला हसू येतं. पण हसता हसता रडू फुटेल म्हणून मी गप्प राहते.

पिठलं व्हायचं ते लोखंडी कढईत. ही कढई आईच्या लग्नाआधीपासून घरात होती. आतून इतकी काळी, की तिच्यात पाणी घातलं तरी तळ दिसायचा नाही. आई तिला राखेनं कधी घासायची नाही. गरम पाणी, फडकं, तेलाचं बोट, बास. म्हणायची, "लोखंडाला अंग आलं की ते खरवडायचं नसतं."

जेवण संपत आलं की आई भाकरीचा एक शेवटचा तुकडा घ्यायची आणि कढई आतून पुसून काढायची. तळाशी धरलेली खरवड, कडेचं तेल, लसणाचा तांबूस तुकडा, सगळं त्या घासात यायचं. तो घास ती आबांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या ताटात ठेवायची. "घ्या. तुमचं लगीन हुन गेलंय, आता पावसाला भ्यायचं कारण न्हाई." आबा म्हणायचे, "झालं ते बास झालं. दुसरं कोण करतंय?" रोज हेच. रोज दोघंही पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसायची.

कढईत खाल्लं की लग्नात पाऊस पडतो, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आईच्या लग्नात ऐन वैशाखात वळीव कोसळला होता. मांडव बसला, भातात पाणी गेलं. नवरीनं लहानपणी कढई चाटली असणार, असं आबांकडच्या बाया म्हणाल्या. आणि आईनं चाटली होतीच, ती स्वतःच सांगायची.

मी एकुलती एक. मला वाटायचं, एक दिवस तरी तो घास माझ्या ताटात पडावा. हात पुढं केला की आई हातावर चापट मारायची. "तुला न्हाई. तुझ्या लग्नात पाऊस पडंल." मी म्हणायचे, पडू दे. मी पाय आपटायचे, ताट ढकलायचे. माझ्या नाकावर राग तेव्हापासूनचा. मला वाटायचं, पाऊसबिऊस सगळं सांगायला, हिला नवऱ्याचे लाड करायचेत. आईचा मला खरंच राग यायचा, आणि तो बरीच वर्षं टिकला.

माझं लग्न जूनमध्ये झालं. आमच्या मुळशीत जूनमध्ये लग्न काढणाऱ्याला लोक वेडा म्हणतात. पण नवऱ्याला रजा तेव्हाच होती. सकाळपासून डोंगरावर ढग टेकलेले. आई स्वयंपाकाच्या चुलाणाजवळ उभी राहून एकदा भाताकडे बघायची, एकदा वर. एक थेंब पडला नाही. शेवटची पंगत उठली तशी ती खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मला वाटलं, लेक चालली म्हणून.

आई गेली दोन वर्षांमागं, श्रावणात. सकाळी गोठ्यातून आली, बसते जरा म्हणाली, ती बसलीच. घरात चूल पेटवायची नव्हती, म्हणून भावकीतून कडू घास आला. तोही पिठलं-भाकरीच. आबांनी रीत म्हणून एक घास तोंडात घातला आणि पाण्यानं ढकलला. त्यानंतर दहा दिवस त्यांनी काय खाल्लं, मला आठवत नाही. मी बघितलं नाही, हे खरं.

दहाव्यानंतर घर धुऊन काढायचं, अंथरुणं धुवायची, भांडीकुंडी घासायची, ही आमच्याकडची रीत. बाया ओसरीवर बसल्या होत्या, कुणी डाळी निवडत होतं. मी सगळी भांडी घेऊन मोरीवर बसले. रडू येत नव्हतं, आणि हातांना काहीतरी हवं होतं. कढई हातात आली. राख घेतली, विटेचा चुरा घेतला, तारेची घासणी घेतली. आई काय म्हणायची हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी मला एवढंच वाटत होतं, की आईच्या भांड्याला कुणी नावं ठेवायला नकोत. दीड-दोन तास मी ती कढई घासत होते. काळं पाणी मोरीतून वाहत होतं. शेवटी आतून पांढरं लोखंड निघालं. बाया म्हणाल्या, लेकीनं कढई कशी लख्ख केली बघा. मला बरं वाटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आबा बाहेरून आले. कढई अंगणात उन्हाला पालथी घातली होती. त्यांनी ती उचलली, उलटी करून आत बघितलं आणि परत होती तशी ठेवली.

तेराव्यानंतर मी आबांना मारुंजीला घेऊन आले. शेत आत्याच्या घरच्यांनी बघायचं ठरलं. आबांची एक पिशवी आणि कढई, एवढंच सामान. आमचा चौथा मजला, खाली टेम्पो आणि गाड्यांचा सारखा आवाज. आबा गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. मी पहिल्याच दिवशी हुलग्याचं पिठलं केलं. ते कढईला चिकटलं, रंग भलताच आला, आणि त्याला लोखंडाचा वास येत होता. माझी पोरगी ताट सारून उठली. आबा उठले नाहीत. त्यांनी चार घास खाल्ले, ताट स्वच्छ केलं, पण हात धुतला नाही. रिकाम्या ताटापुढं स्वयंपाकघराकडं बघत बसून राहिले. मी विचारलं, "वाढू?" म्हणाले, "नको, बास." आणि तरी बसलेलेच. मग थोड्या वेळानं उठले.

हे रोजचं झालं. चाराचे तीन घास झाले, तिनाचे दोन. मी बेसनाचं पिठलं केलं, मुगाची खिचडी केली, नाचणीची भाकरी केली, नवऱ्यानं बाजारातून मासळी आणली. पालथ्या घड्यावर पाणी. शर्ट अंगावर लोंबायला लागला. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, खायला घाला. जशी काही मी त्यांना उपाशी ठेवत होते! आणि रोज जेवून झाल्यावर ते तसेच बसायचे, हात वाळेपर्यंत. मला घाई असायची. मी कढई उचलून सिंकमध्ये टाकायचे, नळ सोडायचे, म्हणजे सकाळी घासायला सोपी.

एकदा माझा तोल गेला. म्हटलं, "आबा, आईच्या हातचं नाही म्हणून उपाशी मरणार आहात का? मी पण माणूसच आहे. दिवसभर राबून वर हे बघायचं मी?" ते म्हणाले, "तुझं चांगलंच असतंय, बाय." एवढंच. उठून गॅलरीत गेले. मी दार लावून रडले, पण माफी काही मागितली नाही.

दिवाळीला आत्या आली. तिनं कढई बघितली आणि कपाळाला हात लावला. "अगं बये, ही कुणी सोलली? हिच्यात कसलं पिठलं हुतंय? वर्षानुवर्षाचं काळं तू एका दिसात धुतलंस व्हय?" मला एकदम सगळं उलगडलं, असं वाटलं. चूक सापडली की माणसाला केवढा आधार होतो. मी त्या दिवसापासून कढईच्या मागं लागले. रोज तेल लावायचं, मंद आचेवर तापवायची, पुसायची, परत तेल. कांदा परतायचा तो तिच्यात, भाजी तिच्यात, सगळं तिच्यात. मधून पिवळी पडली, मग तांबूस, मग तळाला रुपयाएवढा काळा डाग आला. मी तो पोरीला दाखवला, आबांना दाखवला. आबा म्हणाले, "व्हय, आली की." मला वाटलं, अजून थोडे दिवस. कढई काळी झाली की हा माणूस जेवेल.

फाल्गुनात एके दिवशी संध्याकाळी पोरगी क्लासला होती, नवरा कामावर. पिठलं चांगलं जमलं होतं, चिकटलं नव्हतं. आबांना वाढलं. मला सकाळपासून खायला सवड मिळाली नव्हती, आणि भाकरीचा एक तुकडा उरला होता. मी ओट्यापाशी उभी राहून तो कढईत फिरवला, कडेनं, मग तळाशी. तोंडाकडे नेणार, एवढ्यात मागं वळून बघितलं. आबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. खरकटा हात तसाच. माझ्या हातातल्या घासाकडं बघत होते.

मी घास पुढं केला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. सावकाश खाल्ला. मग तिथंच, दाराला टेकून खाली बसले आणि म्हणाले, "अजून भाकरी हाय का?"

मी भाकरी केली. त्यांनी दीड खाल्ली. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि विचारलं, "सहा महिने झाले, आबा. मागितलं का नाही?"

"मागायची सवय न्हाई बाय. तिनं कदी मागाय लावलंच न्हाई."

मग आपणहून बोलले. "मी म्हणायचो तिला, पोरगी रडतीय, दे की एकदा. ती म्हणायची, माझ्या लग्नातनं माणसं उपाशी गेली, ते मला आयुष्यभर ऐकावं लागलंय. तिच्या लग्नातनं कुणी उपाशी जायला नको. तुझ्या लग्नातली शेवटची पंगत उठली तवा रडली ना ती? त्याच्यासाटी रडली."

मी दिवाळीपासून लोखंड काळं करत बसले, आणि माणूस सहा महिने रोज ताटावर एका घासाची वाट बघत बसला होता. मी त्याच्या डोळ्यांदेखत कढईत नळ सोडत होते.

त्यानंतर आबा जेवायला लागले. रोज शेवटचा घास मी द्यायचे. पावसाचं मात्र मी बोलले नाही. ते दोघांचं होतं. पण आबांच्या अंगात काही उरलं नव्हतं. वैशाख संपता संपता साध्या खोकल्यानं गेले. सगळे म्हणाले, बायकोमागं वर्षही काढलं नाही, केवढी माया. मी मान हलवली. माझी सहा महिन्यांची चूक कुणाला सांगणार?

दिवसकार्य गावी केलं, कढईही बरोबर नेली होती. दहाव्यानंतर भांडी निघाली, तेव्हा मी कढईला कुणाला हात लावू दिला नाही. आत्या रागावली, सुतकाचं भांडं तसंच ठेवतीस का म्हणाली. म्हटलं, असू दे.

मारुंजीला परत आल्यावर पहिल्या दिवशी हुलग्याचं पिठलं केलं. कढई आता तळापासून काठापर्यंत काळी झाली होती. पिठलं आईसारखं झालं, अगदी तसंच. नवरा दोनदा मागून जेवला. सगळी उठल्यावर मी भाकरीचा तुकडा घेतला आणि कढई पुसली. सवयीनं दाराकडं वळले. मग तो घास मी स्वतः खाल्ला. माझ्या आयुष्यातला पहिला. खारट होता, थोडा कडू, आणि खाली लसूण. लहानपणी मी ज्याच्यासाठी एवढी रडले, ते एवढंसंच होतं.

"आई, मला?" पोरगी मागं उभी होती, हात पुढं करून. मी तिच्या हातावर चापट मारली.