मागची बाजू घासायची राहिली

संकष्टीची दुपार आहे. पोटात फक्त साबुदाण्याची पेज, त्यामुळे झोप अशी नाही, नुसती गुंगी. वसुमतीबाई मागच्या पडवीत आरामखुर्चीत बसल्या आहेत, डावा पाय समोरच्या स्टुलावर टाकून. गुडघ्याला फडकं गुंडाळलेलं, त्याला कापराच्या तेलाचा वास. पेणमधल्या या घरात दुपारचा थंडावा असतो तो एवढ्या पडवीतच.

पडवी यजमानांची. दिनकररावांना जाऊन आता चौथं वर्ष, पण त्यांचं लाकूडकामाचं सामान अजून जागच्या जागी आहे. मधोमध ते नक्षी कापायचं मशीन, वर जुनी चादर घातलेली. विकत आणलं तेव्हा खोक्यावर ‘स्क्रोल सॉ’ असं काहीतरी होतं. घरात सगळे त्याला जाळीचं मशीन म्हणत. पाटबंधारे खात्यात हयात गेली, पण माणसाचा जीव त्या मशीनमध्ये.

संध्याकाळी मुलाचा फोन यायचा आहे. हेमंत पुण्याहून विचारणार, ‘आई, डॉक्टरांना काय सांगू?’ गुडघ्याचं ऑपरेशन. इतके दिवस टाळलं, आता डॉक्टरांनी निक्षून सांगितलंय की आणखी थांबलात तर चालणं विसरा.

टाळायचं कारण देवघरात आहे. सागवानी फळीतून आरपार कापून काढलेला, वीतभर उंचीचा, उजव्या सोंडेचा गणपती. उजव्या सोंडेचा म्हणजे कडक. पहाटे डोक्यावरून आंघोळ, ओलेत्यानं पूजा, सोवळ्यातला स्वयंपाक, नैवेद्याची वेळ चुकवायची नाही, त्याला घरात एकटा टाकून रात्रीची वस्ती बाहेर करायची नाही. वसुमतीबाईंनी हे सगळं विनातक्रार केलं. नातीच्या बारशालाही गेल्या नाहीत, पाळण्याची दोरी फोनवरून ओढली म्हणायची. आता दवाखान्यात पडून राहायचं तर त्याचं कोण करणार? सुनेची नोकरी. शेजारच्या मुलीला सोवळं म्हणजे काय ते सांगण्यातच महिना जाईल.

पापण्या जड होतात. ओठांवर अथर्वशीर्ष अर्ध्यावर थांबतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. चादरीचा कोपरा हलतो. मग चादर नाहीच.

मशीनपाशी दिनकरराव बसले आहेत, पाठमोरे. तेच बनियन, खांद्याशी विरलेलं. चष्म्याची दोरी मानेवर. ते पातं लावताहेत, केसासारखं बारीक, आणि डोळ्यांजवळ धरूनही त्यांना दिसत नाहीये.

“अहो,” वसुमतीबाई म्हणतात, “दाते वर आलेत.”

“नाहीत गं. बरोबर आहे.”

ते बटण दाबतात. फळीचा तुकडा मशीनवर थाडथाड उड्या मारायला लागतो. ते दोन्ही हातांनी त्याला दाबून धरतात, तो ऐकत नाही. शेवटी बटण बंद करून ते हात मांडीवर ठेवतात.

“दाते वर आलेत,” ते म्हणतात.

“मी काय म्हणत होते?”

“मेल्यावर तरी सुधारेन असं वाटलं होतं.” ते पातं सोडवून उलटं करतात, दाते खाली. ताण देतात, नखानं छेडतात. पातं टिंग वाजतं. “हां. हे बघ, असं वाजलं पाहिजे. सैल राहिलं तर वळणावर भरकटतं. फार ताणलं तर तुटतं.”

“तुम्ही नेहमी फार ताणायचात.”

“आणि तू?” ते विचारतात.  बसल्या जागी वसुमतीबाईंचा पदर ओला आहे, पहाटेसारखा, त्यातून पाणी ठिबकतंय आणि जमिनीवरचा भुसा भिजतोय.

पडवीचं दार उघडं आहे आणि दारापलीकडे गावातल्याच फाटककाकूंचा दिवाणखाना आहे. गणपती पोचवायला दिनकरराव गेले त्या दिवशी वसुमतीबाई तिथे नव्हत्या, तरी सगळं दिसतंय. टीपॉयवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला गणपती. काकूंनी सांगून करवून घेतलेला, नव्या देवघरासाठी. फाटककाकू कागद सोडतात, बघतात, आणि कागद बाजूला ठेवतात.

“दिनकरराव, सोंड उजवीकडे आहे हो.”

दिनकरराव बघतात. चित्र ट्रेसिंगच्या कागदावर काढलेलं, आणि तो कागद फळीवर चिकटवताना उलटा चिकटवला. डाव्याचं उजवं झालं. ज्या गावात पोरासोरांनाही सोंड कुठे वळते ते कळतं, त्या गावात. दिवाणखान्यात फाटकांचे पाहुणे आहेत, आणि एक जण तर रुमालाआड हसतोय.

“हा होय,” दिनकरराव म्हणतात, कान लाल झालेले. “हा आमच्या घरचा. मुद्दाम केलाय उजवा. चुकून हाच उचलून आणला. तुमचा व्हायचाय अजून.”

मग स्कूटर आहे. पुढे ते, मागे वसुमतीबाई, मध्ये गणपती, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रंग न दिलेल्या मूर्ती वाळत ठेवलेल्या, ओळीनं, सगळ्यांच्या सोंडा डावीकडे.

“तू काही बोलली नाहीस तेव्हा,” ते पुढे बघूनच म्हणतात. “मी घरी आलो, म्हटलं, आपल्यासाठी उजव्या सोंडेचा केलाय. तू नमस्कार केलास आणि दुसऱ्या दिवशी पहाटे न्हाणीघरात पाण्याचा आवाज. मला वाटलं, हिला खरंच वाटतंय.”

“मला त्याच दिवशी कळलं.”

स्कूटर थांबते, की रस्ताच थांबतो.

“फाटककाकूंनी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगायला पाहिजे? तुमचे कान बघितले. उलटा कागद मशीनखाली पडला होता, तोही मीच केरात टाकला.”

“मग विचारलं का नाहीस?”

“विचारलं असतं तर तुम्ही मशीन विकून टाकलं असतंत. लोकांसमोर तुमचं हसं झालं म्हणून महिना महिना न बोलणारे तुम्ही.” वसुमतीबाई ओला पदर पिळतात. “म्हटलं, उजवा तर उजवा. आपण करू त्याचं. मग करता करता तो माझाच झाला. आता तुमची चूक म्हणून नाही हो करत मी.  पण थकले आहे.”

हा शब्द त्यांनी याआधी कुणासमोर उच्चारलेला नाही. तो बोलल्यावर गुडघा ठणकायचा थांबतो, आणि त्या बघतात तर त्या पलंगावर आहेत. दवाखाना आहे. पलंगाच्या कडेला सुताराचा शिकंजा बसवलाय आणि त्यात त्यांचा पाय अलगद धरलाय. डॉक्टर ट्रेसिंगचा कागद घेऊन आलेत, गुडघ्यावर चिकटवायला.

“सरळ बाजू वर आहे ना?” दिनकरराव पलंगाच्या उशाशी उभे राहून डॉक्टरांना विचारतात. “बघा हं. माझा याच्यात हात पोळलेला आहे. हिचा डावा गुडघा. डावा.”

“अहो, गप्प बसा,” वसुमतीबाई म्हणतात, आणि त्यांना हसू येतं, बऱ्याच दिवसांनी. मग आठवतं. “मी नाही करणार ऑपरेशन. मी इथे पडले तर त्याचं कोण करणार तिकडे?”

डॉक्टर नाहीत. पलंग मशीनशेजारचं बाक झालाय. दिनकररावांच्या मांडीवर गणपती आहे, पालथा.

“वसू, याची मागची बाजू घासायची राहिली गं.”

त्या बघतात. पुढून हा गणपती आरशासारखा गुळगुळीत, पॉलिश केलेला. मागून नुसती कुसळं. पात्याचे दाते खाली ओढतात तेव्हा खालचं लाकूड फाटतं, तसं फाटलेलं. देवघरात ही बाजू भिंतीकडे असते, कुणाला दिसत नाही.

“आरपार कापलेला आहे,” ते म्हणतात. “पालटून बसवला की सोंड डावीकडे. एवढंच होतं. आल्या दिवशी पॉलिशपेपर मारला असता तर संध्याकाळी फाटकांकडे पोचता झाला असता. पण शरमेनं हातच लागेना. नंतर एकदा बसलो होतो घासायला, तू माहेरी गेली होतीस दिवसभर. थोडंसं झालं आणि तू आलीस. आल्या आल्या आंघोळ करून त्याच्यापुढे स्तोत्र म्हणायला लागलीस. मी आपला परत भिंतीला टेकवून ठेवला. म्हटलं, ही इतक्या आवडीनं करतेय, आता कोणत्या तोंडानं सांगू.”

 पडवीच्या कौलांतून ऊन खाली येतंय आणि त्यात भुसा तरंगतोय, न बसता.

“आणि त्याला काय वाटेल?” वसुमतीबाई हळूच विचारतात. “इतकी वर्षं एक बाजू पुजली आणि आता माझा पाय दुखतो म्हणून पालटायचा? देव काय आपल्या सोयीचा?”

“त्याचंच म्हणणं आहे.”

“देवाच्या नावावर तुमचं काही खपवू नका.”

“मी खोटं एकच बोललो, फाटकांकडे आणि तुझ्याकडे. त्याचं काय झालं ते बघतेयस ना?” ते गणपतीची पाठ पंज्यानं चाचपतात, झोपलेल्या मुलाची चाचपावी तशी. “म्हणाला, तुमच्या मंडळींना सांगा, एका कुशीवर किती वर्षं झाली. अंग अवघडलंय. त्या बाईला काही सांगायची सोय नाही, पहाटे चारला येते आणि माझ्याआधी तीच थंडीनं कुडकुडते. मला बघवत नाही, आणि तिला थांब म्हणवत नाही.”

वसुमतीबाई हात पुढे करून गणपती स्वतःच्या मांडीवर घेतात. असं कुणी, देवानं किंवा माणसानं, त्यांच्याबद्दल बोलल्याचं त्यांना आठवत नाही.

“कसं घासायचं?” त्या विचारतात.

“कागदाची तीन पदरी घडी घाल. हां. रेषेरेषेनं जायचं, आडवं नाही. जाळीच्या कोपऱ्यात बोट नको घालू, घडीची कड घाल. जोर नाही लावायचा. तुला जोर लावायची फार सवय.”

त्या घासतात. सोंडेवरून, वळणावळणानं. दिनकरराव फुंकर मारतात, सागाचा वास येतो, तेलकट, कोरडा. त्यांचा हात आपल्या हातावर आहे, की कागदाचाच खरखरीत स्पर्श आहे, ते कळत नाही.

“अहो,” त्या म्हणतात, “तुम्ही राहाल का एवढं होईपर्यंत?”

“पातं बघतो,” ते म्हणतात. “परत उलटंच लावलंय वाटतं.”

खर्र, खर्र. मग नुसतं पंख्याचं कुरकुरणं. पंखा आहे, पडवी आहे, मशीनवर चादर आहे, तिच्या सगळ्या घड्या जागच्या जागी. पाय स्टुलावर मुंग्या येऊन बधिर झालाय. ऊन कलून पायरीपर्यंत गेलंय. वसुमतीबाईंच्या उजव्या तळहाताच्या रेषेत भुसा आहे, बारीक, पिवळट. खुर्चीच्या दांड्यावरचा असेल, त्या स्वतःला सांगतात. इथे काय, सगळीकडेच भुसा.

झोप झाली म्हणजे सोवळं मोडलं. त्या भिंतीला धरून उठतात, आंघोळ करतात, ओलं नेसतात. देवघरात जाऊन, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्याला दोन्ही हातांनी उचलून पालथा करतात.

सगळीकडे कुसळं. पाठीवर, पोटामागे, कानांच्या जाळीत. ओल्या वस्त्राचे धागे त्यांत अडकतात. त्या बोट फिरवत नेतात आणि एके ठिकाणी बोट घसरतं. तेवढी सोंड, मुळापासून टोकापर्यंत, पुढच्या बाजूसारखीच गुळगुळीत. वळणाच्या खाचेत भुसा आहे. त्या फुंकर मारतात. तो उडतो आणि सागाचा वास येतो.

मग त्या पाट भिंतीशी ओढतात, जमिनीवर बसता येत नाही म्हणून वर उशी ठेवतात, आणि पडवीतून आणलेल्या पॉलिशपेपरची तीन पदरी घडी घालतात. कान आधी.

फोन वाजतो तेव्हा एक कान जेमतेम झालेला असतो. ओलेत्यानं फोन घ्यायचा नाही हा त्यांचा नियम. त्या तो घेतात.

“आई, डॉक्टरांना काय सांगू?”

“तारीख घे.”

हेमंत पलीकडून विचारतो, “आणि गणपती? त्याचं सोवळं?”

“डाव्या सोंडेला शेजारच्या मुलीनं आंघोळ करून फूल वाहिलं तरी पुरतं.”

“पण आपला तर उजव्या...”

“पुढच्या आठवड्यातली घे. तोवर दुसरा कान होईल, पोट होईल,” त्या म्हणतात, आणि तळहातावरचा भुसा न पुसता फोन दुसऱ्या कानाला लावतात. “आणि डावा गुडघा म्हणून त्यांना नीट सांग. दोनदा सांग.”