चित्रातली एकटी बाई

जवळ सरक ना पोरी. दोन दिवसांसाठी आजीकडे आली, अन् सारा वेळ त्या फोनात मुंडी घालून बसली. मी का भिंतीशी बोलू?

मागच्या खेपेला तू आणलेलं चित्र भिंतीवर टांगलं, पाहिलं ना? फ्रान्स देशातलं हाये, लय जुनं हाये, म्हणाली होती तू. तळं, दोन गाई, राखेसारखं आभाळ, अन् झाडीच्या कडेला काड्या वेचणारी बाई, कमरेतून वाकलेली. आपल्या गावचं तळं, आपली बोडीच म्हण. तुझी मोठी आजी, माझी जाऊ, गुडघे गेल्यापासून खाटेवरच असते. मन रमन म्हणून तिच्यासमोरच लावलं.

ती पाहतच राह्यली. मंग म्हणते, "काऊन वं, हिच्यासंगं कोणी नाई?"

"चित्र हाये बाई ते."

"असू दे. ही वाकली, मंग उभी कोण हाये?"

तुले सांगतो, ऐक. मोहफुलं वेचाले आम्ही दोघी उजाडता वाघाच्या रानात जात होतो. वाकलेला माणूस वाघाले जनावरच दिसते. म्हणून दोघींनी संगंच वाकायचं नाई. एकीनं वेचायचं, दुसरीनं झाडीकडे तोंड करून उभं राहायचं, अन् मोठ्यानं बोलत राहायचं. जाऊ सासूचे गाऱ्हाणे सांगे. आपल्या घरचं सारं वाघाले मालूम असन! माझी कंबर भरून आली, की म्हणे, "हो उभी, आता मी वाकतो."

मागच्या चैतात मी एकटीच गेली. बाकीच्या बायांची चाल जोराची, मले कोण थांबन? चार फुलं वेचा, उठा, मागं पाहा. कंबरेच्या आधी मान थकली. अर्धं टोपलं घेऊन घरी आली, तं जाऊ म्हणते, "पुन्हा एकटी गेली, तं माझ्याशी बोलू नको."

काल दुपारी माझा डोळा लागला होता. जाऊचा मोठमोठ्यानं आवाज आला म्हणून उठली. पाहतो, तं तिचं तोंड चित्राकडे. त्या बाईले सासूचे गाऱ्हाणे सांगून राह्यली होती.

थकलो पोरी आम्ही दोघी. पण झाड काही थांबत नाई, फुलं टाकतेच. उद्या तू जाशील, जा. मोह पडाले लागला की मात्र लवकर ये. वेचीन मीच. तू नुसती उभी राह्यजो. फोनवर बोलली तरी चालन, पण मोठ्यानं बोलजो.