कुणालाही न खाता येणारं पीक

निम्मे बटाटे सोलून झाले होते, तेवढ्यात भाऊजी देवघरातून थेट स्वयंपाकघरात आले. माझे हे धाकटे दीर निवृत्त कंपाउंडर आहेत आणि अजूनही सगळं मापात करतात. परसातली माती दमली आहे, दोन वर्षं वांगी धरत नाहीत. तिला कस यावा म्हणून काहीतरी पेरून तिथेच गाडायचं त्यांनी ठरवलं. गेल्या वर्षी चवळी पेरली, तर आम्ही शेंगा खात बसलो आणि वेल वाळून गेले. यंदा कुणालाही खाता येणार नाही असा ताग त्यांनी मुद्दाम निवडला. पहिलं फूल दिसलं की कापून मातीत गाडायचं, हे माप. आठ दिवस ते फुलाची वाट पाहत होते.

“वहिनी, देवापुढची पिवळी फुलं कुठली?”

“आपल्या तागाची. तुम्ही उठायच्या आत तोडते.”

त्यांनी बोटांवर आठ दिवस मोजले.

“आणखी थांबलो तर ताग निबर होऊन त्याचा दोर वळता येईल. मातीत कुजणार नाही.”

“मग देवाला उद्या काय वाहू?”

“वांगी येतील म्हणावं.”

मी तसं देवाला सांगितलं. भाऊजी विळ्याला धार लावून आणायला गेले.